सारख्या लाटांची रांग का मोडते

दोन काळे-पांढरे फोटो आहेत. १९६०च्या दशकातले, लंडनजवळच्या फेल्टम इथल्या एका लांबलचक हौदातले. ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचा हा हौद जहाजांची मॉडेलं पाण्यातून ओढून तपासण्यासाठी होता. पहिल्या फोटोत लाटा निर्माण करणाऱ्या यंत्राजवळचं पाणी दिसतं. लाटा एकामागोमाग एक, जणू एकाच साच्यातून काढलेल्या, दोन माथ्यांमधलं अंतर सुमारे २.३ मीटर. दुसरा फोटो त्याच लाटांचा, फक्त सुमारे ६० मीटर पुढे घेतलेला. तिथे ती रांग ओळखूसुद्धा येत नाही. काही लाटा उंचावल्या आहेत, काही विरल्या आहेत, सगळा आकार विस्कटलेला.

वाटेत वारा आला नव्हता, खडक आला नव्हता, तळही उथळ झाला नव्हता. यंत्राच्या हालचालीत मुद्दाम एक बारीकसा हेलकावा मिसळला होता, एवढंच. त्या बारीक हेलकाव्याचं साठ मीटरांत हे झालं.

हा प्रयोग केंब्रिजचे ब्रूक बेंजामिन आणि जिम फेअर या दोघांचा. त्यांनी १९६७ साली तो गणितासकट मांडला. त्याआधी १२० वर्षं, म्हणजे जॉर्ज स्टोक्सने १८४७ साली उंच लाटांचं गणित मांडल्यापासून, खोल पाण्यावरची सारख्या लाटांची रांग ही एक भरवशाची गोष्ट मानली जात होती. स्टोक्सचं गणित चुकलं नव्हतं. तशी रांग असू शकते. पण असू शकणं वेगळं आणि टिकणं वेगळं. न फिरणारा भोवरा आरीवर सरळ उभा राहू शकतो, हे कागदावर खरं आहे. हातात घेऊन उभा करायला जा म्हणजे कळतं.

एखादी सारखी रांग आपणहून कशी मोडते, हे रोज बसने जाणाऱ्याला ठाऊक असतं. डेपोतून बस दर दहा मिनिटांनी सुटते. एका बसला सिग्नलला मिनिटभर उशीर होतो. पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी थोडी जास्त माणसं जमलेली असतात, त्यांना चढायला वेळ लागतो, उशीर वाढतो, त्यापुढच्या थांब्यावर आणखी माणसं. मागच्या बसला मात्र थांबे रिकामे मिळतात, ती पुढे पुढे येत जाते. शेवटी अर्धा तास बस नाही आणि मग तीन एकदम. यात कोणाचीच चूक नसते. लहानसा फरक स्वतःला खतपाणी घालतो आणि वाढतो. लाटांच्या रांगेत हेच होतं. फक्त तिथे खतपाणी कुठून मिळतं ते बघायला हवं.

त्यासाठी खोल पाण्यावरच्या लाटांच्या दोन सवयी लागतात.

पहिली सवय: लांब लाटा जोरात धावतात, आखूड लाटा हळू. शिवाय लाटेचा माथा ज्या वेगाने पुढे सरकताना दिसतो, त्याच्या निम्म्याच वेगाने लाटेतली ऊर्जा पुढे जाते. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण एखाद्या शांत तलावात चांगला वीटभर दगड टाकून बघता येतं. गोल पसरत जाणाऱ्या लाटांच्या पट्ट्यातला एकच माथा निवडा आणि त्याच्यावरून नजर हलू देऊ नका. तो पट्ट्याच्या मागच्या कडेला उगवतो, पट्ट्यातून पुढे पुढे सरकतो आणि पुढच्या कडेला पोचला की नाहीसा होतो. पट्टा मात्र आपल्या संथ चालीने जातच असतो. माथे धावतात, जथा चालतो. मी हे पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा परत परत दगड टाकत बसलो होतो.

तरंगलांबीनुसार, म्हणजे दोन माथ्यांमधल्या अंतरानुसार, वेग वेगळा असण्याला अपस्करण म्हणतात. लोलकातून पांढऱ्या प्रकाशाचे सात रंग होतात, तेही अपस्करणच. त्याचा स्वभाव विखरण्याचा आहे. लाटांचा आखूड जथा सोडला तर त्यातल्या लांब लाटा पुढे निघून जातात, आखूड मागे राहतात आणि जथा पांगतो.

दुसरी सवय स्टोक्सने दाखवली: लाट जितकी उंच तितकी ती किंचित जोरात धावते. इथेच ‘अरेषीय’ हा शब्द येतो. एक किलो साखर चाळीस रुपये आणि दोन किलो ऐंशी, हा रेषीय हिशेब. लाटांचा हिशेब रेषीय असता तर दुप्पट उंच लाट ही फक्त दुप्पट उंच असती, बाकी सगळं तेच. पण लाटेची उंची तिच्या स्वतःच्या वेगात ढवळाढवळ करते, म्हणून हिशेब सरळ राहत नाही.

आता एक लांब रांग घ्या आणि तिच्यात उंचीचा अगदी थोडा चढ-उतार मिसळा. जुन्या रेडिओवाल्यांना हा प्रकार ओळखीचा आहे: मीडियम वेव्ह स्टेशनची मूळ लहर सारखी असते आणि बोलणाऱ्याच्या आवाजाप्रमाणे तिची उंची कमी-जास्त केली जाते. याचंच नाव मॉड्युलेशन. आपल्या रांगेत आता कुठे किंचित उंच लाटांचा जथा आहे, कुठे किंचित बुटक्या लाटा.

एका जथ्याकडे बघा. मधल्या लाटा उंच, म्हणून त्यांचे माथे जरा जास्त वेगाने धावतात. ते पुढच्या बुटक्या माथ्यांच्या पाठीला लागतात. जथ्याच्या पुढच्या अर्ध्या भागात माथे दाटतात, म्हणजे तिथली तरंगलांबी कमी होते. मागच्या अर्ध्यात उलट: मधले माथे मागच्यांना सोडून पुढे जातात, अंतर वाढतं, तरंगलांबी वाढते. आणि पहिली सवय काय होती? आखूड लाटांची ऊर्जा रेंगाळते, लांब लाटांची घाई करते. म्हणजे पुढच्या भागातली ऊर्जा मागे पडते, मागच्या भागातली पुढे येते, आणि दोन्हीकडची मध्यावर जमा होते. मधल्या लाटा आणखी उंच होतात. उंच झाल्या की आणखी जोरात धावतात. बसच्या थांब्यावर जास्त माणसं जमली तसं हे चक्र स्वतःलाच जोर देत राहतं.

विखरणं हा अपस्करणाचा स्वभाव, आणि इथे तेच अपस्करण गोळा करण्याच्या कामी लागतं. मला या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

आकडे घातले की हे किती नाजूक आणि किती चिवट आहे ते कळतं. शंभर मीटर लांबीच्या लाटा घ्या, लाटेच्या खोलगटापासून माथ्यापर्यंत सव्वातीन मीटर उंच. खुल्या समुद्रात यात विशेष काही नाही. त्यांचा सगळ्यात तीव्र चढ साधारण दहाला एक इतकाच. दर ८ सेकंदांनी एक लाट येते, माथे ताशी ४५ किलोमीटरने धावतात, ऊर्जा त्याच्या निम्म्या वेगाने. उंचीमुळे वेगात पडणारी भर अर्धा टक्का, म्हणजे सेकंदाला जेमतेम सहा सेंटीमीटर. एवढ्याशा फरकाने काय होणार? पण रांगेतला चढ-उतार अनुकूल लांबीचा असेल तर तो दर तीन मिनिटांनी दुप्पट होतो. तेवढ्यात जथ्याने एखाद किलोमीटर अंतर कापलेलं असतं. उंचीत एक टक्का फरक होता असं धरलं तर सहा दुपटींनंतर तो साठ टक्क्यांच्या वर जातो. वेळ: पाऊण तास नाही, अर्धा तास नाही, सतरा-अठरा मिनिटं.

अनुकूल लांबी म्हणजे किती? या उदाहरणात, एका जागी उभं राहून मोजलं तर दर दहा लाटांमागे एकदा उंच जथा येईल असा चढ-उतार सगळ्यात वेगाने वाढतो. दर सात लाटांहून जवळ जवळ येणारे जथे वाढतच नाहीत, कारण फार आखूड जथ्यात पांगण्याचा जोर जिंकतो. लाटा जास्त उंच असल्या की आणखी आखूड जथेही वाढू शकतात.

हीच गोष्ट सुरांच्या भाषेतही सांगता येते. तंबोरा जुळवताना दोन तारा किंचित वेगळ्या लागल्या की आवाज वर-खाली झुलतो. झुलणारा आवाज म्हणजे जवळजवळच्या सुरांची बेरीज. तसाच लाटांच्या रांगेतला चढ-उतार म्हणजे मुख्य सुराच्या एक पायरी खाली आणि एक पायरी वर असे दोन शेजारी सूर. बेंजामिन आणि फेअर यांनी दाखवलं ते असं, की मुख्य सूर आपली ऊर्जा या दोन शेजाऱ्यांना देत जातो. शेजारी अगदी क्षीण असले तरी चालतात. आणि खऱ्या पाण्यात क्षीण शेजारी कुठून तरी असतातच.

उथळ पाण्यात मात्र हे होत नाही. पाणी उथळ झालं की लाटांचा जथा आपल्याखालच्या सगळ्या पाण्यात एक मंद प्रवाह उभा करतो आणि तो उंच लाटेची आघाडी खाऊन टाकतो. शंभर मीटरच्या लाटेसाठी ही सीमा सुमारे २२ मीटर खोलीवर येते. म्हणून किनाऱ्यावर उभं राहून ही मोडतोड बघायला मिळत नाही. तिथे लाटा फुटतात त्या तळ वर आल्यामुळे.

किनाऱ्याचा विषय निघाला आहे तर वर्सोव्याला जाऊ. वर्सोव्याच्या वाळूखालून समुद्रातून आलेल्या अनेक इंटरनेट केबल मुंबईत शिरतात. अशा केबलच्या आत काचेचे तंतू असतात आणि त्यांतून प्रकाशाच्या लहरी जातात. त्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे १.५५ मायक्रॉन (एक मायक्रॉन हा मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे आपल्या समुद्री लाटेच्या साधारण साडेसहा कोटीवा हिस्सा. एक पाण्याची लाट, दुसरी प्रकाशाची लहर. एकीला गुरुत्वाकर्षण खाली ओढतं, दुसरीला ते जाणवतही नाही. तरीही रांग मोडण्याची रीत दोघींची एकच.

तंतूतला प्रकाश ज्या गाभ्यातून जातो त्याचा व्यास आठ-नऊ मायक्रॉन असतो. त्यातून एक वॉट प्रकाश सोडला, तर तिथली तीव्रता जमिनीवर पडणाऱ्या भर दुपारच्या उन्हाच्या सव्वा कोटी पट होते. इतका प्रकाश दाटला की काच किंचित बदलते, तिचा अपवर्तनांक वाढतो, म्हणजे प्रकाशाची लहर तिच्यातून किंचित हळू जाते. तीव्र विद्युतक्षेत्रात पदार्थाचा अपवर्तनांक बदलतो हे जॉन केर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८७५ साली दाखवलं होतं. इथे ते विद्युतक्षेत्र प्रकाशाचं स्वतःचं असतं. बदल किती, तर एका वॉटला दहा अब्जांत तीन भाग. हा आकडा वाचून सोडून द्यावासा वाटतो. पण तंतूच्या एका किलोमीटरमध्ये प्रकाशाच्या नव्वद कोटींहून जास्त लहरी मावतात, आणि प्रत्येकीवर झालेला तो इवलासा परिणाम साठत जातो. किलोमीटरच्या शेवटी प्रखर भागातली लहर मंद भागापेक्षा एक पंचमांश लहरीइतकी मागे पडलेली असते. ही घसरण सहज मोजता येते.

मागे पडलेली, हे लक्षात घ्या. पाण्यात उंच लाट पुढे धावते. काचेत प्रखर लहर मागे राहते. सगळं उलटं झालं. जथ्याच्या पुढच्या भागात आता माथे दाटत नाहीत, लांबतात, म्हणजे प्रकाश तांबड्याकडे सरकतो. मागच्या भागात ते दाटतात, प्रकाश निळ्याकडे सरकतो. मग गोळा व्हायला काय हवं? तांबडा मंद आणि निळा वेगवान असायला हवा. नेहमीच्या काचेत, लोलकात, याच्या बरोबर विरुद्ध असतं: तांबडा पुढे, निळा मागे. पण तंतूच्या काचेत १.३ मायक्रॉनच्या आसपास हा क्रम पलटतो. त्याहून लांब लहरींसाठी निळ्या बाजूची लहर पुढे आणि तांबड्या बाजूची मागे. दोन उलट्यांची एक सुलट होते. पुढचा भाग रेंगाळतो, मागचा घाई करतो, ऊर्जा मध्यावर साठते. पाण्यासारखंच.

आणि या काचेत प्रकाश सगळ्यात कमी शोषला जातो तो नेमका १.५५ मायक्रॉनजवळ. तिथे प्रकाश निम्मा व्हायला सुमारे १५ किलोमीटर लागतात. त्यामुळे लांब पल्ल्याच्या केबलसाठी जी लहर सोयीची, ती नेहमीच्या तंतूत रांग मोडणाऱ्या बाजूला पडते. अभियंत्यांना हे धरूनच आखणी करावी लागते. प्रकाशाची ताकद मोजून-मापून ठेवतात, कारण वाटेतल्या प्रत्येक अॅम्प्लिफायरमधून थोडा गोंगाट आत येतो आणि ताकद वाढवली तर तोच गोंगाट क्षीण शेजारी सुरांचं काम करतो. गोंगाट वाढतो, निरोप बिघडतो. पाइपलाइनच्या कडेने तंतू टाकून जमिनीची थरथर टिपणाऱ्या यंत्रणांनाही हीच मर्यादा पडते: प्रकाश जास्त सोडावा तर तो वाटेत मोडतो.

पाणी आणि प्रकाश यांचं हे साम्य नुसतं वरवरचं नाही. १९६८ साली सोविएत शास्त्रज्ञ व्लादिमीर झाखारोव यांनी खोल पाण्यावरच्या लाटांच्या जथ्यांसाठी एक समीकरण काढलं. १९७३ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये अकिरा हासेगावा आणि फ्रेडरिक टॅपर्ट यांनी काचेच्या तंतूसाठी काढलं तेही तेच. त्याला नॉनलिनिअर श्रोडिंगर समीकरण म्हणतात. नावामुळे दचकायला नको. श्रोडिंगरचं नाव समीकरणाच्या ठेवणीवरून आलंय, यात पुंजभौतिकी नाही. हे समीकरण एकेका लाटेचा हिशेब ठेवत नाही. सगळ्या माथ्यांवरून एक सैल दोरी टाकली तर तिचा जो आकार होईल, त्याचा हिशेब ठेवतं. त्यात दोनच गोष्टी झुंजतात: अपस्करण आणि उंचीचा स्वतःवरचा परिणाम. पाण्यात आणि काचेत फक्त वजनं वेगळी.

हासेगावा आणि टॅपर्ट यांना या समीकरणात आणखी एक शक्यता दिसली: प्रकाशाचा एकच ठोका असा घडवता येईल, की विखरणं आणि गोळा होणं नेमकं फिटेल आणि तो आकार न बदलता जात राहील. त्याला सॉलिटॉन म्हणतात. १९८० साली लिन मॉलेनॉवर आणि सहकाऱ्यांनी ७०० मीटर लांब तंतूत तो प्रत्यक्ष दाखवला. १९८६ साली ताई, हासेगावा आणि तोमिता यांनी एक किलोमीटर तंतूतून १.३१९ मायक्रॉनचा लेझर सोडला आणि मुख्य सुराच्या दोन्ही बाजूंना शेजारी सूर आपोआप उगवताना पाहिले. फेल्टमच्या हौदातलीच गोष्ट, काचेत.

रांग मोडल्यावर पुढे काय होतं, याचं उत्तर मला अजूनही चकित करतं. ती परत जुळते. ऊर्जा मध्यावर साठत साठत एका कमाल उंचीला पोचते आणि मग त्याच वाटेने मागे फिरते. शेजारी सूर घेतलेली ऊर्जा मुख्य सुराला परत करतात. अशा परतीचा पहिला सुगावा वेगळ्याच ठिकाणी लागला होता. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत फर्मी, पास्ता आणि उलाम या शास्त्रज्ञांनी सुरुवातीच्या एका संगणकावर स्प्रिंगनी जोडलेल्या वजनांची साखळी हलवून पाहिली, मेरी त्सिंगू यांनी त्याचा प्रोग्रॅम लिहिला, आणि १९५५च्या अहवालात आलं की ऊर्जा सगळीकडे पसरून न बसता जवळजवळ मूळ जागी परतते. पाण्याच्या हौदात अशी परती १९७७ साली दिसली, तंतूत २००१ साली. पाण्यात ती पुरी होत नाही, कारण फार उंच झालेली लाट फुटते आणि तिची काही ऊर्जा फेसात जाते. प्रकाशाची लहर फुटत नाही, म्हणून तंतूतला प्रयोग जास्त स्वच्छ निघतो.

या परतीचं टोकाचं रूप ब्रिस्टलच्या हॉवेल पेरेग्रिन यांनी १९८३ साली गणितातून काढलं. सारख्या रांगेत एकाच जागी, एकदाच, एक जथा उगवतो, भोवतालच्या लाटांच्या तिप्पट उंच होतो आणि मागमूस न ठेवता मावळतो. सत्तावीस वर्षं ते कागदावरच होतं. २०१० साली ते तंतूत दिसलं. २०११ साली हॅम्बुर्गच्या हौदात अमीन शबशूब, नॉर्बर्ट हॉफमन आणि नाइल अखमेदिएव यांनी साधारण एक सेंटीमीटरच्या लाटांमधून तिप्पट उंचीची लाट उभी केली. आणि त्याच वर्षी आसाममध्ये, गुवाहाटीच्या प्रयोगशाळेत बैलुंग, शर्मा आणि नाकामुरा यांनी तीच गोष्ट प्लाझ्मात, म्हणजे विद्युतभारित वायूत, दाखवली. पाणी, काच, प्लाझ्मा: तीन पदार्थ, आकार एक. यातला एक शोध आपल्या देशातला आहे हे फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता राक्षसी लाटांविषयी, कारण या विषयाची चर्चा बहुतेक तिथेच सुरू होते. १ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रातल्या ड्रॉपनर या गॅस प्लॅटफॉर्मवरच्या लेझरने २५.६ मीटर उंचीची लाट नोंदवली. त्या वेळी भोवतालच्या उंच लाटांची सरासरी बारा मीटरच्या आसपास होती. खलाशी पिढ्यानपिढ्या सांगत आलेल्या गोष्टीला त्या दिवशी मोजमाप मिळालं. मग प्रत्येक राक्षसी लाटेचं कारण बेंजामिन आणि फेअर यांच्याकडेच शोधायची घाई झाली. मला ती पटत नाही. खुल्या वादळी समुद्रात एकच सुबक रांग नसते. अनेक दिशांनी अनेक लांबींच्या लाटा येतात, आणि दिशा जितक्या फाकलेल्या तितकं हे चक्र दुबळं होतं. २०१९ साली एडिनबरोच्या गोल हौदात ड्रॉपनरची लाट पुन्हा उभी केली गेली, ती एकमेकींना सुमारे १२० अंशांत छेदणाऱ्या दोन लाटमालांमधून. तिथे दोन लाटमालांचं छेदणंच निर्णायक ठरलं. उलट, वादळापासून दूर निघून आलेल्या, एकाच दिशेच्या, जवळजवळ एकाच लांबीच्या लाटांमध्ये रांग मोडण्याचा धोका जास्त खरा आहे.

जिथे तो खरा आहे, तिथे त्याचा वेगच कामी येतो. लहानसा फरक वाढायला काही मिनिटं लागतात, म्हणजे तो वाढण्याआधी सापडू शकतो. २०१६ साली एमआयटीमध्ये थेमिस्टोक्लिस साप्सिस आणि विल कझिन्स यांनी याच दिशेने एक पद्धत मांडली. सगळ्या समुद्राचं गणित सोडवत न बसता त्यांनी एवढंच पाहिलं, की येणाऱ्या लाटांमध्ये धोक्याच्या लांबीचा आणि उंचीचा जथा आहे का. असा जथा रडारला दिसला तर लाट येण्याच्या दोन-तीन मिनिटं आधी इशारा देता येतो. तेवढ्या वेळात डेकवरची माणसं आत घेता येतात.